जगड्व्याळ : गणपतीतल्या नाटकाची कामाची वही

रविवार, ८ जून २०२५

सांस्कृतिक समितीची बैठक. हजर सात, बोलणारे सहा, आणि उठताना काम एकीच्या पदरात, म्हणजे माझ्या. यंदाचं मुलांचं नाटक मी बसवायचं. "तुम्ही इंजिनिअर, सेटबिट तुमच्या हातचा मळ," असं सेक्रेटरीकाका म्हणाले. मी चाकणला टूलरूममध्ये डाय, म्हणजे साचे, डिझाइन करते. डायचा नि नाटकाचा संबंध इतकाच, की दोन्हीकडे तारीख चुकवून चालत नाही. तिथे प्रत्येक जॉबची वही ठेवतो, म्हणून इथेही ठेवते.

मुलं ११, वय ६ ते १४. प्रयोग शनिवारी, ३० ऑगस्टला. ३१ला गौरी येणार, मग कुठल्याच घरातलं कुणी हाताला लागत नाही. वेळ २५ मिनिटं. पैसे ६,००० रुपये, त्यातले दीड हजार वडापावाचे.

विषय मुलांनीच ठरवावा असं मी मोठेपणाने म्हटलं. चार मिनिटांत ठरला. एक खलनायक आहे, त्याला कुणीच अडवू शकत नाही. मोठा हिरो त्याच्याशी लढून लढून गळपटलाय. मग लहान सुपरहिरो येतात आणि हिरोला वाचवतात. "आणि शिवाजी महाराज?" असं सेक्रेटरीकाकांनी विचारलं. ते पुढच्या वर्षी.

बुधवार, ११ जून

शक्तिवाटप. नऊ जणांना उडायचंय. मांडव ११ फूट उंच, वर हॅलोजन. उडणं रद्द. रडारड झाली, मग तहाची बोलणी.

शिट्टीवाली: तिची शिट्टी ऐकून वॉचमनमामांचं कुत्रं खरंच थबकतं, तेव्हा तिची शक्ती तीच. चष्मेवाला: अंधारात दिसतं (चष्मा काढला की उजेडातही दिसत नाही, पण ते असो). जुळे: एकाच्या मनातलं दुसऱ्याला कळतं. प्रात्यक्षिक घेतलं, दोन्ही वेळा चुकलं, दोघांनी एकमेकांना मारलं. उरलेल्यांपैकी तिघे अदृश्य होणार आहेत. नाटकात अदृश्य पात्राला काय काम देऊ ते मला कळेना.

दातपडकी पहिलीत आहे, सगळ्यांत लहान. ती म्हणाली, "मी कुणाशीही बोलू शकते." म्हटलं, ही काय शक्ती झाली? "मग काकू, तुम्ही लिफ्टमध्ये का नाही कुणाशी बोलत?" लिहून घेतलं.

रविवार, १५ जून

भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अभ्यास सोडून सगळं वाचतो. विषय सांगितला तर हसला. "मावशी, हा माल साठ वर्षांचा जुना आहे."

जुलै १९६५, एक्स-मेन या अमेरिकन कॉमिकचा १२ वा अंक. प्रोफेसर झेवियर चाकांच्या खुर्चीत, भोवती त्याचे शाळकरी वयाचे विद्यार्थी, आणि बाहेरून कुणीतरी एकेक अडथळा मोडत घराकडे येतंय. प्रोफेसर आपल्या सावत्र भावाची गोष्ट सांगत बसतो, मधे मधे काहीतरी कोसळतं. येणारा नीट दिसतो तो अगदी शेवटी. नाव जगरनॉट. एकदा चालायला लागला की थांबत नाही. १३ व्या अंकात मुलं त्याला गुंतवून ठेवतात आणि त्याच्या डोक्यावरचं शिरस्त्राण निघतं. तेच प्रोफेसरची मनःशक्ती अडवत असतं. ते गेल्यावर प्रोफेसर बसल्या जागेवरून त्याला आडवा करतो.

यातून मला दोन गोष्टी मिळाल्या. एक, खलनायक दाखवायची घाई करायची नाही. हे पैशाच्या दृष्टीनेही बरं. दुसरी, थकलेल्या माणसाला काहीतरी काम उरलं पाहिजे, नाहीतर तो नुसता कोपऱ्यात कण्हत बसेल. मुलांना ही दुसरी अजिबात पटली नाही. "म्हणजे आम्ही फक्त टोपी काढायची?"

जाता जाता भाचा म्हणाला, "जगरनॉट म्हणजे आपला जगन्नाथ, माहितीय ना?" माहीत होतं, पण कधी त्यावर थांबून विचार केला नव्हता. आमच्या एका ब्रिटिश गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये हा शब्द येतो, तिकडे अवाढव्य मालट्रकला जगरनॉटच म्हणतात. चौदाव्या शतकात ओदोरिक नावाचा एक फ्रान्सिस्कन साधू हिंदुस्थानात फिरून गेला. भक्त रथाच्या चाकांखाली अंग टाकतात, असं त्याने परत जाऊन सांगितलं. ती गोष्ट युरोपभर इतकी घोळली, की शेवटी देवाचं नाव चिरडत जाणाऱ्या वस्तूला लागलं. आपल्याकडे जगन्नाथ म्हटलं की मला आधी आठवतात नाना शंकरशेट. त्यांनी कुणाला चिरडल्याचं ऐकिवात नाही. उलट १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला जी पहिली गाडी सुटली, त्या कंपनीच्या संचालकांत ते होते.

खलनायकाला मराठी नाव हवं. मी 'जगड्व्याळ' सुचवलं. अकरापैकी दोघांना म्हणता आलं. दातपडकीचं 'जगव्व्याल' होतं. तेच जास्त भीतीदायक वाटतं.

रविवार, २२ जून

आज तालीम नाही. माउलींची पालखी पुण्यातून निघाली, सासूबाईंना घेऊन दिवेघाटात गेले. चार तास उभं राहून चप्पल एकाच पायात उरली.

घाट लागला की रथाला जादा बैलजोड्या लावतात. दरवर्षी बातम्यांत पाहते, पण जवळून पाहणं वेगळं. जोड्या पुढे एकाला एक जोडत नेलेल्या, आणि सगळ्यांत पुढच्या बैलांना मागे रथ आहे याचा पत्ताही नसावा इतक्या त्या लांब. वळणावर सगळ्यांची ओढ एका दिशेने नसते, क्षणभर रथ अवघडतो, मग कुणीतरी ओरडतं, आणि पुन्हा सगळं एका सुरात.

सासूबाई म्हणाल्या, "जगन्नाथाचा रथ आहे बाई, एकट्यादुकट्याचं काम नव्हे." त्यांनी ते नेहमीचं वाक्य म्हणून टाकलं. लग्नात, बारशात, पापड लाटताना त्या हेच म्हणतात. मी मात्र तिथेच वही काढली. एकच नाव. इंग्रजीत त्याचा अर्थ झाला 'कुणालाही न जुमानता चिरडत जाणारं'. मराठीत झाला 'सगळ्यांनी हात लावल्याशिवाय जागचं न हलणारं'. रथ तोच. एकाने चाकाकडून पाहिला, दुसऱ्याने दोराकडून.

मग आमच्या जगड्व्याळाचा दोर कुठाय?

शुक्रवार, २७ जून

पुरीची रथयात्रा. तालमीऐवजी सगळ्या मुलांना आमच्या हॉलमध्ये टीव्हीपुढे बसवलं. 'संशोधन' म्हटलं की आया पाठवतात.

जगन्नाथाचा नंदिघोष १६ चाकांचा, उंची ४५ फुटांच्या आसपास. बलभद्राचा तालध्वज १४ चाकांचा, सुभद्रेचा दर्पदलन १२. दरवर्षी नवं लाकूड, नवे रथ. पुरीचे गजपती महाराज सोन्याच्या दांड्याच्या झाडूने रथ झाडतात. हे पाहून जुळ्यांपैकी एकाने आईकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. मला धंद्याची खोड, मी स्टिअरिंग शोधत होते. नाही. एवढं लाकडी धूड, आणि वळायचं तर दोर ओढणाऱ्यांनी वळवायचं, थांबवायचं तर चाकापुढे ठोकळे टाकायचे. ड्रॉइंग माझ्याकडे आलं असतं तर मी लाल शेरा मारून परत पाठवलं असतं.

मुलांना खरी गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ज्येष्ठ पौर्णिमेला देवांना १०८ घड्यांनी आंघोळ घालतात आणि त्यानंतर देव आजारी पडतात. म्हणजे ११ जूनला, आपण शक्ती वाटत होतो त्याच दिवशी. पंधरवडाभर दर्शन बंद, अणसर म्हणतात त्याला. दैतापती सेवक शुश्रूषा करतात, दशमुळांचं औषध देतात. बरे झाले की रथात बसून मावशीच्या घरी निघतात.

"देवाला ताप?" चष्मेवाल्याने तीनदा विचारलं. "मग तेव्हा राक्षस आला तर?"

दातपडकी टीव्हीवर बघून चित्र काढत होती. वाटोळे डोळे झकास जमले. मग पेन्सिल थांबली. "काकू, याला हातच पूर्ण नाहीयेत." गोष्ट सांगितली: सुतार बंद दाराआड मूर्ती घडवत होता, राजाला धीर निघाला नाही, मुदतीआधी दार उघडलं, मूर्ती तशाच राहिल्या. (डिलिव्हरीच्या तारखेआधी टूलरूममध्ये डोकावणाऱ्या साहेबांना ही गोष्ट फ्रेम करून द्यावी म्हणते.) तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग हा मारामारी कशी करतो? मूठच नाही त्याला."

नाही करत मारामारी, म्हटलं. त्याला लोक ओढतात.

संध्याकाळी रथ वाटेतच थांबले. आता उद्या पुढे.

रविवार, २९ जून

पहाटे पुरीला गुंडिचा मंदिरापाशी चेंगराचेंगरी झाली, तिघे गेले. मुलांना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. मोठी ताई आठवीत आहे, तिला मोबाइलवर कळलंच. तालमीनंतर थांबली. "काकू, रथाने नाही ना मारलं? गर्दीने मारलं."

नाटकाचा दुसरा अंक आज फाडला.

रविवार, ६ जुलै

आषाढी. उपासाची बटाटाभाजी खात संहिता पूर्ण केली. आता गोष्ट अशी.

शहरात वज्रमूठ नावाचा हिरो आहे. सगळ्यांचा भरवसा त्याच्या एका बुक्कीवर. जगड्व्याळ येतो. वज्रमूठ बुक्क्या मारतो, पण प्रत्येक बुक्कीला जगड्व्याळ आणखी जोरात चाल करतो. हिरो खचतो. मुलं येतात, आधी तीच चूक करतात: सगळे मिळून धडका देतात, सगळे आपटतात. (ही जागा मुलांसाठी मुद्दाम ठेवली. नाहीतर बंड झालं असतं.) मग दिवे जातात. अंधारात फक्त चष्मेवाल्याला दिसतं की जगड्व्याळाला दोर बांधलाय, आणि तो शहरातलेच लोक ओढतायत. का? तर थांबलो तर मागून अंगावर येईल या भीतीने. जितकं भ्यायचं तितकं ओढायचं, जितकं ओढलं तितका तो जवळ.

शिट्टीवाली शिट्टी घालून ढोल बंद पाडते, म्हणजे ओढणाऱ्यांची लय तुटते. जुळे दोराच्या दोन टोकांना उभे राहून निरोप पोचवतात. दातपडकी एकेकाशी बोलते. लोक एकेक करून दोर सोडतात. अदृश्य तिघांना काम मिळालं: काळे कपडे घालून तेच तर दोर ओढणारे. कुणाला न दिसणारे! तिघेही खूश.

तरी जगड्व्याळ थांबत नाही. कुणीतरी अजून ओढतंय. चष्मेवाला दोर चाचपत चाचपत जातो आणि पोचतो वज्रमूठपाशी. दोराचं शेवटचं टोक त्याच्याच मुठीत आहे. इतकी वर्षं मूठ आवळलेली, त्यात दोर कधी आला हे त्यालाही कळलं नाही. त्याला ती आता उघडता येत नाही. मुलं एकेक बोट सोडवतात.

भाच्याला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प. मग "ठीके", म्हणजे त्याला आवडलंय.

रविवार, १३ जुलै

वज्रमूठ कोण? मुलांपैकी कुणी नको, मोठा माणूस हवा. समितीतले दोघे उत्सुक होते. दोघांनाही पडायला आवडेना, मारायला हवं होतं.

क विंगमधले आजोबा सुचले. ७८ वर्षं. उमेदीत कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा गाजवलेल्या, हे त्यांच्या शोकेसमधल्या ढालींवरून सगळ्यांना ठाऊक. आता कंपवात आहे, उजवा हात थरथरतो, चार वर्षं ते खाली उतरले की तो हात खिशात असतो. त्यांच्याकडे जाऊन गोष्ट सांगितली. शेवटाला आले तेव्हा माझाच आवाज बारीक झाला, कारण तोवर लक्षात आलं की मी नेमकं काय मागायला आलेय.

आजोबांनी हात खिशातून काढला आणि त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे मी अभिनय कसला करायचा? हा तर आधीच पाठ करून बसलाय."

आजी आतून म्हणाल्या, "गोळीच्या वेळा सांभाळा म्हणजे झालं." तालीम साडेपाचला ठरली. गोळी पाचला घेतली की पुढचा तासभर त्यांना बरा जातो.

भाचा आज पुन्हा आला होता, यावेळी माझ्या कामाचं बोलला. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅन मेला, डूम्सडे नावाच्या अशाच न थांबणाऱ्या राक्षसाशी लढताना. त्या शेवटच्या चार अंकांत एक युक्ती होती. पहिल्यात पानावर चार चौकटी, पुढच्यात तीन, मग दोन, आणि मरणाच्या अंकात पानभर एकच. वाचणाऱ्याला कळत नाही, पण छाती दडपते. दातपडकी ऐकत होती. सुपरमॅन मेला म्हणताच ओठ काढले. भाच्याने घाईघाईने सावरलं: अगं, पुढच्या वर्षी आला की परत! काळ्या कपड्यांत आला, शक्ती गेलेली होती, म्हणून सोबत एक सुपरबॉय लढला, पोरगाच होता. तिला तेवढं पुरलं.

आम्ही ती युक्ती ढोलाला लावणार. जगड्व्याळाच्या पहिल्या चाहुलीला चार ठोके, मग तीन, दोन, आणि प्रत्यक्ष येईल तेव्हा एकच. ढोलाचा खर्च शून्य. मुठेकाठी पथकांचा सराव सुरू झालाय, रोज संध्याकाळी खिडकीतून फुकट येतो. आजवर शिव्या घातल्या, आज रेकॉर्ड केला.

रविवार, २० जुलै

जुन्या बाजारात चाकं. चार इंची, चार नग, दोन फिरती, दोन सरळ. विक्रेता ८०० म्हणाला, ५२० ला दिली. त्यातलं एक कुरकुरतं हे घरी आल्यावर कळलं. त्याला चाक क्र. ३ म्हणू. बोहरी आळीतून सुती दोर, २० मीटर, बोटभर जाड. काथ्याचा स्वस्त होता, पण मुलांचे हात सोलले असते.

पाट ४ बाय ३ फूट, १८ मिलिमीटर प्लायवूड, एका फ्लॅटच्या फर्निचरमधून उरलेला. वर बांबूची सांगाडी, त्यावर फ्रीज आणि वॉशिंग मशीनचे पुठ्ठे. एकूण उंची ८ फूट २ इंच.

रविवार, ३ ऑगस्ट

काम पुढे सरकलं नाही. दोन मुलं तापाने आडवी, एकाची स्कॉलरशिपची तयारी, मला डिलिव्हरी.

रविवार, १० ऑगस्ट

कागदकाम. मैद्याची खळ शिजवली, पातेलं पणाला लावून. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की उंदीर-झुरळं लागत नाहीत, हे आईकडून आलेलं ज्ञान. ते विषारी, म्हणून खळ लावायचं काम मी आणि भाच्यानेच केलं, हातमोजे घालून. मुलांना वर्तमानपत्रं फाडायला बसवलं. पट्ट्या दोन बोटं रुंद, हाताने फाडलेल्या. कात्रीने कापल्या की कडा उठून दिसते, फाडली की एकमेकीत मुरते. चार थर झाले. पावसाळी हवेत वाळेना, दोन पंखे लावले, तरी पोटाजवळ दाबलं की बोट आत जातं.

तोंड कसं करायचं यावर मतभेद. मुलांना सुळे हवे होते. ताईने वेगळीच सूचना केली: तोंड नकोच. जिथे चेहरा असतो तिथे आरसे लावायचे, जुन्या सीडींचे तुकडे. म्हणजे जो घाबरून बघेल त्याला स्वतःचेच तुकडे दिसतील. आठवीतल्या मुलीला हे सुचतं आणि वार्षिक परीक्षेच्या निबंधात तिला दहात पाच पडतात.

रविवार, १७ ऑगस्ट

नोंद लिहायची लाज वाटते, पण वही म्हणजे वही.

जगड्व्याळ क्लबहाउसमध्ये बनवला. क्लबहाउसच्या दाराची उंची ६ फूट १० इंच. जगड्व्याळ ८ फूट २ इंच. बावीस वर्षं मी ड्रॉइंग तपासते.

कुणीही अडवू शकणार नाही असा खलनायक दाराच्या चौकटीने अडवला. मुलं हसून जमिनीवर लोळली. वॉचमनमामांनी मान हलवून "आधी माप घ्यावं मॅडम" असा सल्ला दिला. त्यांचं बरोबर होतं.

उपाय: कमरेत कापला, मागून दोन बिजागऱ्या, पुढून एक खिट्टी. खिट्टी काढली की तो कमरेत वाकतो. अशा रीतीने जगड्व्याळ नम्रपणे वाकून बाहेर आला.

मंगळवार, १९ ऑगस्ट

दोन दिवस धो धो पाऊस. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलंय. नदीकाठचा ढोल बंद. मांडवाचं एक टोक गळतंय, नेमकं जिथे आजोबा बसणार तिथे. जगड्व्याळ जिन्याखाली, प्लॅस्टिक गुंडाळून. कामावरून येणारी माणसं दचकतात.

रविवार, २४ ऑगस्ट

रंगीत तालीम. पार्किंगमध्येच घेतली. पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून हलका उतार आहे, डोळ्याला दिसत नाही. दोर सोडा, असं म्हटल्यावर सगळ्यांनी सोडला. जगड्व्याळ थांबला. मग थोडा विचार केल्यासारखा करून, स्वतःहून, गेटकडे निघाला.

चाळीस किलोचा ऐवज, आत आमच्यातला एक गोरा-गोमटा अदृश्य. त्याला बाहेर काय चाललंय ते कळेना. मी ओरडत मागे. सेक्रेटरीकाकांची गाडी चार हातांवर. शिट्टीवालीने शिट्टी मारली, त्याने कुत्रं तेवढं थांबलं. शेवटी दातपडकीने जवळची कुंडीखालची वीट उचलून चाकापुढे टाकली आणि बाजूला झाली. थांबला.

"टीव्हीत दाखवलं होतं ना," ती म्हणाली, "ठोकळा."

तिने रथयात्रेतली ती एकच गोष्ट नीट पाहिली होती, जी मी इंजिनिअर म्हणून नाक मुरडून सोडून दिली होती. चाकांना कुलूप असलेले कॅस्टर घ्यायचे तर १,१०० रुपये. त्याऐवजी पाटाखाली दोन लाकडी ठोकळे, दोरीने बांधून. खर्च शून्य. ठोकळ्यांची जबाबदारी दातपडकीकडे.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती आले. काम बंद.

शनिवार, ३० ऑगस्ट

प्रयोग. सात म्हणता सव्वाआठला सुरू, कारण आरती, मग प्रसाद, मग माइकची शिट्टी. आजोबांची गोळी यात चुकली. साडेसहाला घेतलेली, नाटक शेवटाला येईतो तिचा असर उतरणार हे मला कळत होतं, त्यांनाही.

चार ठोके, तीन, दोन. मांडवातली लहान पोरं आयांना चिकटली. एक ठोका, आणि जगड्व्याळ पडद्यातून आला. सीडीच्या तुकड्यांवर हॅलोजनचा उजेड पडून सगळ्या मांडवावर ठिपके फिरले. हे आम्ही ठरवलं नव्हतं. धडका, आपटाआपटी, टाळ्या. दिवे गेले. चष्मेवाल्याने "याला दोर आहे!" असं ओरडायचं होतं. तो ओरडला, "अहो, हे तर आपलेच लोक!" हे वाक्य त्याचं नव्हतं, दातपडकीचं होतं, पण चांगलं बसलं.

मग शेवट. आजोबा खुर्चीत, मुठीत दोर. पाच मुलांनी पाच बोटं सोडवायची. तालमीत आजोबा बोटं हळूच सैल करत जात. आज ती सुटेनात. हात थरथरत नव्हता, घट्ट झाला होता. विंगेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते अभिनय करत नव्हते. मुलांना कळलं की काहीतरी वेगळं आहे. ताईने अंगठा धरला होता, तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार?

दातपडकी करंगळीवर होती. ओढायचं सोडून ती त्यांच्या मनगटावर हात फिरवायला लागली, मांजराला फिरवतात तसा. आणि नाटकातलं नाही, घरातलं बोलावं तशी बोलली, माइक जवळ असल्याने सगळ्यांना ऐकू आलं: "आजोबा, घाई नाहीये. तो आता थांबलाय. मी ठोकळा लावलाय."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. ध्वनिमुद्रणात ४० सेकंद भरतात. मागे कुणीतरी खोकलं. करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं, मग बाकीची आपोआप. दोर खाली पडला. आणि त्याच वेळी, देवाशपथ मी काही केलं नाही, खिट्टी निसटली आणि ८ फूट २ इंचांचा जगड्व्याळ कमरेत वाकून आजोबांपुढे झुकला.

लोक हसले, टाळ्या पिटल्या. आजोबांनी उजवा हात वर करून नमस्कार केला, थरथरता. खिशात घातला नाही. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "खिट्टीची जागा फार सुरेख धरलीस." मी होकारार्थी मान हलवली. काय करणार.

रविवार, ३१ ऑगस्ट

हिशेब: खर्च ४,३६५. शिल्लक १३५, कारण वडापाव दीड हजारात भागले. आजीने चौकशी केली, की पुढच्या वर्षीही साडेपाचलाच तालीम का.

शनिवार, ६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. जगड्व्याळाचा वरचा भाग रद्दीवाल्याने नेला नाही, खळीचा पुठ्ठा चालत नाही म्हणे. तो जिन्याखाली आहे, मांजरीने पिल्लं घातलीयत. पाट मात्र काढून घेतला. दरवर्षीची हातगाडी ऐनवेळी मिळाली नाही, म्हणून गणपती त्याच पाटावर बसवले, झेंडू लावले, आणि तोच सुती दोर बांधला. हौद सोसायटीपासून दहा मिनिटांवर.

दोराला मुलं, मुलांच्या आया, सेक्रेटरीकाका, भाचा. गेटपाशी आजोबा वॉकर घेऊन उभे. वॉकर मामांकडे दिला आणि म्हणाले, "वळणापर्यंत." दोघांनी काखेत धरलं, त्यांनी दोर धरला, आम्ही सगळे त्यांच्या चालीने चाललो. दातपडकी चाकांशेजारून, दोन्ही हातांत ठोकळे. वळण आल्यावर तिनेच विचारलं, "आजोबा, सोडताय की मी थांबवू?"

"थांब जरा," आजोबा म्हणाले. "पुढच्या खांबापर्यंत जातो."

चाक क्र. ३ अजून कुरकुरतंय. तेल घालायचं राहिलंच.